‘अबस’ म्हणजे काय? काम्यूचा मर्सो आणि इब्न तुफैलचा हय्य

‘अबस’ हा शब्द आपल्या घरांतून अजून ऐकू येतो. वाया गेलेल्या मेहनतीला, उगाच केलेल्या बोलण्याला बुजुर्ग माणसे अबस म्हणतात. मूळ अरबी शब्द ‘अबथ’. विसाव्या शतकात युरोपातून जे ‘ॲब्सर्ड’ साहित्य आले, त्याला नाव देण्याची वेळ आली तेव्हा अरबी समीक्षकांनी हाच जुना शब्द उचलला. त्या धर्तीच्या नाटकांना अरबीत ‘मसरह अल-अबथ’ म्हणतात. शब्द निवडणाऱ्यांच्या मनात काय होते कोण जाणे, पण कुरआन वाचणाऱ्याच्या कानाला तो लगेच ओळखू येतो. सूरह अल-मुअमिनूनच्या 115व्या आयतीत तो आहे, आणि तेथे तो प्रश्नात आला आहे. माणसाची निर्मिती अबस झाली आहे का, हा तो प्रश्न.

आज हा विषय घेण्याचे कारण साधे आहे. बी.ए., एम.ए.ला इंग्रजी किंवा फ्रेंच साहित्य घेतलेल्या आपल्या मुलामुलींच्या हातात आल्बेर काम्यूची पुस्तके येतात. ज्यांचा साहित्याशी संबंध नाही अशी मुलेही ती मोबाइलवर वाचतात. मग जेवताना एखादे वाक्य पडते, “अब्बा, या सगळ्याला काही अर्थ आहे का?” आणि घरातले वातावरण बदलते. कुणी पुस्तक काढून घेते, कुणी दोन दिवस अबोला धरते. आम्हाला वाटते, पुस्तक काढून घेण्याआधी ते एकदा स्वतः वाचावे. फार मोठे नाही, दोन बैठकींत संपते. आणि त्यातली एक गोष्ट आपल्याला जशी दिसेल तशी ती पॅरिसच्या वाचकाला बरीच वर्षे दिसली नव्हती.

काम्यू फ्रेंच लेखक, पण जन्माने अल्जेरियाचा. 1830 साली फ्रान्सने अल्जेरियात फौजा उतरवल्या आणि 1962 पर्यंत तेथे त्यांचीच सत्ता राहिली. या देशात पूर्वेकडच्या मोंदोवी गावी 7 नोव्हेंबर 1913 रोजी काम्यू जन्मला. वर्षभरात पहिले महायुद्ध सुरू झाले आणि वडील त्यात मारले गेले. आईला कमी ऐकू येई, लिहिता-वाचता येत नसे. अल्जिअर्सच्या बेलकूर या गरीब वस्तीत राहून, दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करून तिने मुलांना वाढवले. वयाच्या सतराव्या वर्षी मुलाला क्षय झाला. मृत्यू म्हणजे काय हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. 1957 साली, 44 व्या वर्षी, त्याला नोबेल मिळाले; 4 जानेवारी 1960 रोजी मोटार अपघातात तो गेला.

त्याचे म्हणणे थोडक्यात असे: माणसाला प्रत्येक गोष्टीचा अर्थ हवा असतो, तो विचारत राहतो, आणि जग गप्प राहते. हे विचारणे आणि ते गप्प राहणे, या दोहोंची गाठ पडते तेथे ॲब्सर्ड जन्मते. दगड डोंगरावर ढकलत न्यायचा, तो खाली घरंगळायचा, पुन्हा ढकलायचा, अशी शिक्षा भोगणाऱ्या सिसिफसची ग्रीक कथा त्याने यासाठी घेतली. पालकांनी एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवावी. ‘सिसिफसची मिथ्यकथा’ हा त्याचा 1942 सालचा ग्रंथ आत्महत्येच्या प्रश्नापासूनच सुरू होतो, आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. अर्थ सापडत नाही म्हणून जीव देणे त्याला मंजूर नाही.

त्याच साली त्याची ‘ल’एत्रांजे’, म्हणजे ‘परका’, ही कादंबरी आली. मर्सो हा अल्जिअर्समधल्या कचेरीत काम करणारा साधा कारकून. त्याची आई शहरापासून 80 किलोमीटरवरच्या वृद्धाश्रमात वारते. तो जातो, मय्यतीजवळ रात्रभर बसतो, दुधाची कॉफी पितो, सिगारेट ओढतो. आईचा चेहरा शेवटचा पाहायचा का असे विचारले तर नको म्हणतो. डोळ्यांत पाणी येत नाही. दुसऱ्या दिवशी समुद्रावर पोहतो, एका मैत्रिणीबरोबर विनोदी सिनेमा पाहतो. पुढे रेमों नावाच्या शेजाऱ्याच्या भानगडीत तो ओढला जातो. रेमोंने एका स्थानिक बाईला मारहाण केलेली असते आणि तिचा भाऊ त्याच्या मागावर असतो. एका दुपारी किनाऱ्यावर, डोक्यावर आग ओकणारा सूर्य असताना, मर्सो त्या भावावर गोळी झाडतो. एक. मग थोडे थांबून आणखी चार.

खटल्यात मात्र खून बाजूलाच राहतो. सरकारी वकील वारंवार आईच्या दफनाकडे वळतो. हा रडला नाही, कॉफी प्याला, दुसऱ्याच दिवशी सिनेमाला गेला. ज्युरीला त्याच्यातला राक्षस दिसतो आणि त्याला मृत्युदंड होतो. जो समाजाच्या अपेक्षेप्रमाणे नाटक करत नाही त्याला समाज संपवतो, असा या खटल्याचा अर्थ खुद्द काम्यूनेही लावला. तो खोटा नाही. आपल्याकडेही मय्यतीच्या घरी कोण रडले, कोण नाही, याचा हिशेब ठेवणाऱ्या बायका आणि पुरुषही काही कमी नाहीत.

पण आता दुसरी गोष्ट. ज्याला पाच गोळ्या लागल्या त्याचे नाव काय?

पूर्ण कादंबरीत ते नाही. तो फक्त ‘अरब’ आहे. त्याच्या बहिणीला नाव नाही. खटल्यात मर्सोच्या बाजूचे आणि विरुद्धचे साक्षीदार येतात, वृद्धाश्रमाचा दरवान येतो, खानावळवाला येतो. मेलेल्याच्या घरचे कुणी येत नाही. त्यालाही आई असेल, ती रडली असेल. त्या रडण्याची नोंद घेणारे कुणी त्या कोर्टात नाही. मर्सो आईसाठी रडला नाही म्हणून एवढा कल्लोळ, आणि ज्या आईचा मुलगा वाळूत मारला गेला ती कुठेच नाही.

कादंबरीत एक लहानसा प्रसंग आहे, चर्चेत तो सहसा येत नाही. अटकेनंतर पहिल्या दिवशी मर्सोला ज्या कोठडीत टाकतात तेथे बहुतेक कैदी अरब असतात. त्याला पाहून ते हसतात, काय केलेस म्हणून विचारतात. एका अरबाला मारले, असे तो सांगतो. ते गप्प होतात. थोड्या वेळाने अंधार पडतो, आणि तेच लोक त्याला चटई कशी अंथरायची, तिचे एक टोक गुंडाळून उशी कशी करायची ते दाखवतात. बस्स. आपल्या माणसाला मारणाऱ्याला झोपायला जागा करून देणारी ही निनावी माणसे काम्यूने दोन-चार वाक्यांत सोडून दिली आहेत. जग गप्प आहे, असे पुस्तक सांगते; पण या कोठडीतली शांतता जगाची नाही, माणसांची आहे, आणि तिच्यानंतर त्यांनी काहीतरी केले आहे. आमच्या मते पुस्तकातला सर्वांत अर्थपूर्ण क्षण हा आहे, आणि लेखक त्यावर थांबत नाही.

काम्यूवर सरसकट आरोप करणेही बरोबर नाही. 1939 साली, पंचविशीतला पत्रकार असताना, त्याने कबीलिया या डोंगराळ भागातल्या उपासमारीवर ‘अल्जे रेप्युब्लिकें’ या वर्तमानपत्रात लेखमाला लिहिली होती. तेथील लोकांची दैना फ्रेंच वाचकांसमोर इतक्या उघडपणे मांडणारे तेव्हा थोडे होते. तरी त्याच्या मोठ्या कादंबऱ्यांत हे लोक धूसरच राहिले. ‘ल पेस्त’, म्हणजे ‘प्लेग’ (1947), ओरान शहरात घडते. रांबेर हा पत्रकार तेथे अरबांच्या राहणीमानाची माहिती घेण्यासाठीच आलेला असतो. मग साथ येते, दरवाजे बंद होतात, आणि अरब कादंबरीतून जवळपास नाहीसे होतात. एडवर्ड सईद यांनी 1993 सालच्या ‘कल्चर अँड इम्पीरिअलिझम’ या ग्रंथात काम्यूच्या लेखनातल्या या गैरहजेरीवर नेमके बोट ठेवले.

त्या मेलेल्या माणसाला नाव मिळायला एकाहत्तर वर्षे लागली. 2013 साली अल्जेरियन लेखक कामेल दाऊद यांची ‘मर्सो, उलटतपासणी’ अशा अर्थाच्या नावाची फ्रेंच कादंबरी अल्जिअर्समध्ये निघाली. तिचा निवेदक हारून. ओरानच्या एका बारमध्ये बसून, म्हातारपणी, तो सांगतो की किनाऱ्यावर मारला गेलेला माझा भाऊ होता, त्याचे नाव मूसा. मूसा आणि हारून! ज्याला बोलायला जड जात होते त्याच्यासाठी बोलणारा भाऊ. आपल्या वाचकांना ही जोडी समजावून सांगायला नको. मूसाचा मृतदेह सापडत नाही, घरात एक रिकामी कबर राहते, आणि आई आयुष्यभर त्या कबरीशी बोलत धाकट्याला थोरल्याचे कपडे घालते.

पुस्तक येथेच थांबले असते तर त्याची गणना जबाबी लेखनात झाली असती. दाऊद पुढे जातात. 1962 च्या जुलैत, स्वातंत्र्य मिळते न मिळते तोच, हारून एका फ्रेंच माणसाला गोळी घालतो. त्याला पकडणाऱ्या अल्जेरियन अधिकाऱ्याची तक्रार काय? खून केलास ही नव्हे. लढाई चालू असताना का केला नाहीस, ही. म्हणजे येथेही मेलेला माणूस बाजूलाच पडला. नवे राज्य, नवा झेंडा, आणि तीच जुनी अबस गोष्ट. हारून धर्माविषयी जे कडवट बोलतो ते आमच्या अनेक वाचकांना टोचेल, आम्हालाही पटत नाही. पण भावाचे प्रेत न मिळालेल्या माणसाच्या तोंडचे ते बोलणे आहे, हे विसरून वाचू नये.

आता आठशे वर्षे मागे जाऊ, कारण आईच्या मरणापासून अर्थाचा शोध सुरू करणारी पहिली गोष्ट काम्यूची नव्हे.

अंदलुसात, ग्रॅनाडाजवळच्या वादी आश येथे, बाराव्या शतकाच्या आरंभी इब्न तुफैल जन्मला. मुवह्हिद घराण्याचा खलिफा अबू याकूब यूसुफ याचा तो हकीम होता, आणि तरुण इब्न रुश्दला दरबारात त्यानेच नेऊन उभे केले. 1185 साली तो मराकशला वारला. त्याची एकच कथा आज जगभर माहीत आहे, ‘हय्य बिन यक्जान’. नावाचा अर्थ ‘जिवंत, जागत्याचा मुलगा’. ही कथा घडते एका निर्मनुष्य बेटावर, आणि ते बेट इब्न तुफैलने कुठे ठेवले आहे? हिंदच्या बेटांमध्ये!

हे बाळ बेटावर कसे आले याच्या दोन हकिकती तो देतो. एकीत ते मातीतून आपोआप घडते. दुसरीत एक शाहजादी त्याला पेटीत घालून समुद्रात सोडते. खरी कोणती, याचा निकाल देत नाही. पाडस गमावलेली एक हरणी त्याला दूध पाजते. तीच त्याची आई. हरणी म्हातारी होते तेव्हा तो तिला चांगल्या कुरणात नेतो, गोड फळे तोडून भरवतो. आणि एक दिवस ती हलेनाशी होते.

तो तिला हाका मारतो. उत्तर नाही. कान पाहतो, डोळे पाहतो, कुठे जखम दिसत नाही. त्याला आठवते, आपण डोळे मिटले की दिसत नाही, आड आलेले दूर केले की पुन्हा दिसते. मग हिच्याही आत कुठेतरी काहीतरी आड आले असेल. ते काढले तर ती उठेल. धारदार दगड आणि वाळलेल्या बोरूच्या कपच्या घेऊन तो आईची छाती उघडतो. काळजापर्यंत पोहोचतो. त्याच्या एका कप्प्यात गोठलेले रक्त असते, दुसरा रिकामा. त्या रिकाम्या कप्प्यापाशी मुलगा थांबतो. जे येथे राहत होते ते निघून गेले. माझ्यावर माया करणारी तीच होती, हे शरीर तिचे हत्यार होते. मग ती गेली कुठे? स्वतः गेली की कुणी काढले?

प्रेताला वास येऊ लागतो तेव्हा काय करावे त्याला कळत नाही. दोन कावळे भांडताना दिसतात, एक दुसऱ्याला मारतो, आणि मग जमीन उकरून त्याला पुरतो. मारले हे वाईट केले, पण पुरले हे चांगले केले, असे मुलाला वाटते. तो आईला दफन करतो. हाबील-काबीलचा किस्सा आठवल्याशिवाय हे वाचता येत नाही, आणि इब्न तुफैललाही तेच हवे असावे.

मर्सोलाही आईच्या मृत्यूने एक दार उघडले होते. तो आत गेला नाही. हय्य त्या रिकाम्या कप्प्यातून निघाला तो प्राणी, वनस्पती, आग, तारे असे एकेक तपासत, पन्नाशीपर्यंत, निर्मात्याच्या जाणिवेपर्यंत पोहोचला. दोघांसमोर तीच शांतता होती, हाकेला उत्तर नव्हते. हय्यने त्या शांततेलाच प्रश्न मानले. काम्यूचे चाहते म्हणतील की ही बाराव्या शतकाची सोय आहे, तेव्हा उत्तर आधीच ठरलेले असायचे. तेवढ्यावर हे पुस्तक निकालात निघत नाही, कारण त्याचा शेवट पाहा. शेजारच्या बेटावरून असाल नावाचा एक एकांतप्रिय माणूस येतो, हय्यला भाषा शिकवतो. आपल्याला जे कळले ते लोकांना सांगावे म्हणून दोघे त्या वसलेल्या बेटावर जातात. लोक आधी ऐकतात, मग कंटाळतात, मग तोंड फिरवतात. हय्य समजतो. तो त्यांची माफी मागतो, तुमची जी शरीअत आहे ती धरून राहा असे सांगतो, आणि असालला घेऊन आपल्या बेटावर परततो. अर्थ सापडलेल्या माणसालाही तो दुसऱ्याच्या हातात ठेवता आला नाही. इतका प्रामाणिक शेवट उपदेशाच्या पुस्तकात सहसा सापडत नाही.

1671 साली धाकट्या एडवर्ड पोकॉकने या पुस्तकाचे लॅटिन भाषांतर छापले, 1708 साली सायमन ऑकलीने थेट अरबीतून इंग्रजी केले. अकरा वर्षांनी ‘रॉबिन्सन क्रूसो’ निघाली. तिच्यावर हय्यची छाया आहे असे पुष्कळांनी म्हटले आहे. पक्का पुरावा नाही, पण योगायोग बोलका आहे.

शंका घेणारा मुलगा हातातून गेला असे समजणाऱ्या पालकांसाठी आणखी एक नाव. इमाम गझाली. बगदादच्या निजामिया मदरशात शिकवणारा, त्या काळचा सर्वांत नामवंत आलिम. आपल्या आत्मकथनात त्यांनी लिहून ठेवले आहे की सुमारे दोन महिने आपला डोळ्यांवर, कानांवर, बुद्धीवरही भरवसा उरला नव्हता. पुढे 1095 साली तर शिकवायला बसले की जीभ उचलेना, घास गिळवेना. हकिमांनी हात टेकले. त्यांनी मदरसा सोडला आणि शामकडे निघाले. ज्यांना आपण हुज्जतुल इस्लाम म्हणतो त्यांनी हे लपवले नाही. तेव्हा जेवताना प्रश्न विचारणाऱ्या मुलीला गप्प करू नये. मात्र मूल जेवत नसेल, झोपत नसेल, जगणे नको असे बोलत असेल, तर तो तत्त्वज्ञानाचा विषय नाही; त्याला लगेच मानसोपचाराच्या डॉक्टरकडे न्यावे, वेळ घालवू नये.

‘प्लेग’मधला एक प्रसंगही येथे सांगण्यासारखा आहे. साथीच्या सुरुवातीला पाद्री पानलू चर्चमध्ये गर्जून सांगतो की ही तुमच्या पापांची शिक्षा आहे. मग एका न्यायाधीशाचा लहान मुलगा त्याच्या डोळ्यांदेखत तडफडून मरतो. दुसऱ्या प्रवचनात पानलूचा आवाज खाली आलेला असतो, आणि ‘तुम्ही’ऐवजी तो ‘आपण’ म्हणू लागतो. कोरोनाच्या वर्षात कुणाच्या घरी मय्यत झाल्यावर ‘तुम्ही’ म्हणणारे किती होते आणि ‘आपण’ म्हणणारे किती, हे ज्याने त्याने आठवावे.

कुठून सुरुवात करावी असे विचाराल तर आम्ही नजीब महफूज यांची ‘जअबलावी’ ही कथा सुचवू. साठच्या दशकाच्या आरंभी लिहिलेली, कैरोत घडणारी. इंग्रजी भाषांतर मिळते, तासाभरात वाचून होते. निवेदकाला असा आजार जडला आहे ज्यावर इलाज नाही, आणि लहानपणी वडिलांकडून ऐकलेल्या जअबलावी नावाच्या एका वलीला तो शोधायला निघतो. त्यांचा जुना मित्र आता सुटाबुटातला वकील आहे, त्याला आठवण नकोशी झाली आहे. मोहल्ल्याचा मुख्य नकाशा काढून देतो. सुलेखनकार सांगतो, ते असत तेव्हा माझ्या हातून सर्वांत सुंदर अक्षर उतरले. संगीतकार सांगतो, माझी उत्तम चाल त्यांच्या सोबतीत सुचली. प्रत्येकाला ते भेटले आहेत, पत्ता एकाकडेही नाही.

शेवटी तो एका बारमध्ये पोहोचतो. होय, बारमध्ये, महफूज यांनी ते मुद्दाम केले आहे, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची भुवई येथे उंचावणार. तेथला हाजी वनस आधी प्यायला लावल्याशिवाय बोलत नाही. निवेदकाला झोप लागते, स्वप्नात एक बाग दिसते, इतकी शांती त्याने कधी अनुभवलेली नसते. जागा होतो तो डोके ओले. लोक सांगतात, जअबलावी येथेच होते, तुझ्या शेजारी बसले होते, तुला शुद्धीवर आणायला डोक्यावर पाणी शिंपडत होते. तो धावत रस्त्यावर येतो. ते निघून गेलेले असतात. सॅम्युएल बेकेटच्या ‘वेटिंग फॉर गोदो’त दोघे जण एका झाडाखाली वाट पाहत राहतात आणि येणारा येत नाही, ते नाटक पॅरिसमध्ये 1953 साली रंगमंचावर आले. महफूज यांच्या कथेत येणारा आला होता, जाग नव्हती. आजार अजून तसाच आहे, आणि ओल्या डोक्याचा तो माणूस आता ठरवतो की त्यांना शोधायचे, थांबायचे नाही.